जागती वस्ती : चाकरमान्यांनी मुंबईत शेजार कसा निवडला

मालवणच्या किनाऱ्यावरून नोकरीसाठी बाहेर पडलेला मुलगा सुट्टीत गावी आला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला पगाराचा. दुसरा, "खंय ऱ्हवतंस?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हल्ली ठरलेले असते. हिंजवडीला वन बीएचके, तिघांत मिळून. किंवा पर्वरीला एक खोली, भाडे इतके इतके. जुनी माणसे तेवढ्यावर थांबत नाहीत. "शेजाराक कोण आसा?" असे ती पुढे विचारतात. याचे उत्तर बहुतेक मुलांकडे नसते.

हा म्हाताऱ्यांचा चौकसपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही. त्यामागे चार पिढ्यांचा अनुभव आहे. गेली काही वर्षे मी आचऱ्यात राहून, आमच्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि परत आलेल्या म्हाताऱ्या कामगारांशी बोलतो आहे. माझ्या पाठीशी ना विद्यापीठ आहे ना पदवी. माझे वडील मात्र गिरणीत होते आणि लालबागेत राहिले होते, त्यामुळे विषय घरातला आहे. या वाचनातून आणि बोलण्यातून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली, ती इथे मांडतो. कामासाठी परक्या शहरात जाणारा माणूस खोली शोधत असतो, पण त्याचे बरेवाईट ठरते ते वस्तीवरून. आणि ती वस्ती जागती असणे ही त्याची चैन नसते. ती त्याच्या पोटापाण्याची गरज असते.

'जागती' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्याकडे देवस्थानाला 'जागृत' म्हणतात, म्हणजे हाक मारली तर ते ऐकते. वस्तीचेही तसेच. जिथे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी काही ना काही कारणाने माणसे जागी असतात, आणि हाक मारली तर कोणीतरी ओ देते, ती जागती वस्ती. दुकाने, दिवे, गर्दी ही तिची बाहेरची खूण झाली.

फाटकाजवळचे बिऱ्हाड

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी आणि डिलाईल रोड हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला आणि त्याला गिरणगाव हे नाव पडले. या गिरण्यांना माणसे पुरवली ती मुख्यतः कोकणाने आणि घाटावरच्या जिल्ह्यांनी. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी चौऱ्याऐंशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. शहरातला साधारण पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा होता. त्या काळी आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता; तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी.

आमच्या बाजूची माणसे मालवणला किंवा देवगडला आगबोटीत बसत आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरत. सोबत वळकटी, पत्र्याची पेटी आणि एखाद्या नातेवाइकाचा पत्ता. तो पत्ता बहुधा गिरणगावातला असे. हे केवळ नात्याच्या ओढीने घडत नव्हते. गिरणीतली नोकरी त्या काळी रोजच्या रोज मिळवावी लागे. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. नव्या माणसाची सुरुवात बदलीपासूनच होई. त्याला भल्या पहाटे गिरणीच्या फाटकावर उभे राहावे लागे. मुकादम बोट दाखवील तो आत जाई, बाकीचे परत फिरत. काम मिळाले नाही तर दुसऱ्या गिरणीच्या फाटकावर धावायचे. ट्रामचे भाडे रोज भरणे परवडणारे नव्हते. म्हणून राहायचे ते पायी पोचता येईल अशाच ठिकाणी, आणि एका फाटकाऐवजी चार-पाच फाटके जवळ असतील तर अधिक बरे.

दुसरे कारण बातमीचे. कोणत्या खात्यात माणसे कमी आहेत, कोणता मुकादम आपल्या तालुक्यातला आहे, कुठे संप होणार आहे, या गोष्टी वर्तमानपत्रात येत नसत. त्या चहाच्या दुकानात, नळावर आणि चाळीच्या ओट्यावर कळत. मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनी या मुद्द्यावर फार भर दिला आहे. गिरणी कामगाराची वस्ती ही त्याच्या विश्रांतीची जागा तर होतीच. शिवाय नोकरी, कर्ज आणि संपातला आधार मिळवण्याची जागाही तीच होती. संप लांबला तर वाणी उधारी चालू ठेवतो की नाही यावर संप टिके. ही उधारी ओळखीवर मिळे, आणि ओळख व्हायला रोज त्याच रस्त्यावरून जावे-यावे लागे.

गावकीची खोली

एकटा माणूस एवढ्या महाग शहरात राहणार कुठे? याला कोकणी माणसाने शोधलेले उत्तर म्हणजे गावकीची खोली. एका गावाच्या किंवा एका वाडीच्या माणसांनी मिळून चाळीतली एक खोली भाड्याने घ्यायची, दरमहा वर्गणी भरायची, आणि गावातून नवा येणारा मुलगा तिथेच उतरायचा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या पेट्या भिंतीला लावलेल्या असत. पाळी तीन प्रकारची असल्यामुळे सगळे एकाच वेळी झोपायला येत नसत. दिवसपाळीवाल्याची चटई रिकामी झाली की रातपाळीवाला तिच्यावर पडे. पावसाळ्याखेरीज पुष्कळ जण गॅलरीत, गच्चीवर किंवा फुटपाथवरच झोपत. एका कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर असे, आणि वर्गणीच्या वहीत कोणाचे किती थकले याची नोंद.

ही कल्पना फक्त मराठी मुलखाची नव्हती. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे, आचाऱ्यांचे आणि वादकांचे 'कूड' धोबीतलाव, काव्हेल, माझगाव भागांत होते. गावागणिक एक कूड, भिंतीकडेने पेट्या, आणि मध्ये गावच्या संताची वेदी. जहाजावर जाईपर्यंत किंवा जहाजावरून उतरल्यावर माणूस तिथे राही. धर्म वेगळा, धंदा वेगळा, पण तोडगा तोच. आधी ओळखीची माणसे जिथे आहेत ती वस्ती गाठायची, खोलीचे पुढे बघायचे.

आचऱ्याच्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागले नसावे, असे मला वाटते. आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव माणसे, गुरे, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्या टाकून राहतो. सगळ्या धर्मांची माणसे यात असतात. या तीन दिवसांत नव्या जागी नवे गाव कसे वसते ते पाहण्यासारखे असते. कोणी एकटी राहुटी लांब माळावर टाकत नाही. पाण्याच्या सोयीजवळ, ओळखीच्या वाडीला लागून आणि येण्याजाण्याच्या वाटेवर जागा धरली जाते. रात्र झाली की भजने, फुगड्या, गप्पा सुरू होतात. काळोखात नव्या जागी झोप लागायची तर आसपास कोणीतरी जागे असावे लागते, एवढे साधे गणित त्यामागे आहे. लालबाग-परळात खोली धरताना आमच्या आजा-पणज्यांनी हेच गणित मांडले.

वस्ती कशाने जागी राहते

अमेरिकेतल्या जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली मोठ्या शहरांच्या जगण्या-मरण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांच्याकडेही नगररचनेची पदवी नव्हती. न्यूयॉर्कमधल्या आपल्या रस्त्याकडे बघून त्यांनी ते लिहिले. रस्ता जिवंत राहायला चार गोष्टी लागतात असे त्यांचे म्हणणे. एकाच भागात काम, घर आणि बाजार असे वेगवेगळे उपयोग एकत्र असावेत, म्हणजे निरनिराळ्या वेळी निरनिराळी माणसे रस्त्यावर येतात. गल्ल्या आखूड आणि पुष्कळ असाव्यात, म्हणजे वाटा एकमेकींना मिळतात. जुन्या इमारती नव्यांत मिसळलेल्या असाव्यात, म्हणजे कमी भाड्यात राहणाऱ्यालाही जागा मिळते. आणि माणसे पुरेशी दाट असावीत. असे झाले की रस्त्यावर आपोआप नजर राहते, पहारेकरी नेमावा लागत नाही.

हे वाचताना मला गिरणगाव दिसत होते. तिथे भोंग्याबरोबर रस्ता भरे आणि तीन पाळ्यांमुळे तो रात्रभर पुरता रिकामा होत नसे. रातपाळी सुटलेल्यासाठी पहाटे चहाची भट्टी पेटलेली असे. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी घराघरांत चालत. एखादी बाई आपल्याच खोलीत वीस-तीस माणसांचे दोन वेळचे रांधी आणि पैसे पगाराच्या दिवशी घेई. तालमी, भजनी मंडळे, वाचनालये, युनियनची कचेरी, सारे चालत जाण्याच्या टप्प्यात. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत, तसेच कोकणातल्या मंडळांचे नमन-खेळे आणि शक्ती-तुरेही रंगत.

उत्सवांची मुळेही रोजच्या व्यवहारात होती. चिंचपोकळीचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेशगल्लीचे १९२८ चे. आज ज्या 'लालबागच्या राजा'पुढे लाखोंच्या रांगा लागतात त्याची कथा बाजाराची आहे. पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. देवाजवळ वस्तीने काय मागितले, तर बाजार. बाजार म्हणजे वस्तीचा श्वास हे त्या माणसांना पुरते माहीत होते.

याच्या उलट उदाहरण त्याच काळात, तीन-चार किलोमीटरवर घडले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, तीन मजली, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. खासगी चाळींतली गर्दी तर भयंकर होती. सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगाच्या १९३१ च्या अहवालात मुंबईतली ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे नोंदले आहे. तरीही बांधून झाल्यावर काही वर्षे वरळीच्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. भिंती पक्क्या होत्या. पण बाजार नव्हता, दिवाबत्ती आणि वाहतूक अपुरी होती, गिरण्या लांब होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांतल्या काही चाळी तुरुंग म्हणून वापरल्या. कोंदट, गळक्या पण जागत्या चाळीतला माणूस पक्क्या पण निजलेल्या चाळीत जायला तयार नव्हता, तो अडाणी होता म्हणून नव्हे. तिथे उधार देणारा वाणी नव्हता, खाणावळ नव्हती, आणि फाटकाची बातमी आणणारे कोणी नव्हते. पुढे बाजार आला, बसगाड्या आल्या, मंडळे उभी राहिली आणि याच बीडीडी चाळी मुंबईतल्या सर्वांत जागत्या वस्त्यांपैकी एक झाल्या. इमारती त्याच होत्या. बदलली होती वस्ती.

जागती, पण कोणासाठी?

हे चित्र इथेच थांबवले तर ते खोटे ठरेल. वस्ती जागती असली तरी ती सगळ्यांच्या हाकेला सारखी ओ देत नव्हती. बहुसंख्य चाळींत दलितांना खोली मिळत नसे. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, नळ वेगळे. गिरणीतही चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळाची भीती. म्हणूनच सरकारी आणि ट्रस्टच्या चाळींचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने वेगळे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत राहिले. त्या चाळी दलित चळवळीची घरे बनल्या. स्पृश्यांच्या चाळीने दार लावले तेव्हा या माणसांनी आपली जागती वस्ती आपण उभी केली.

बायकांचा हिशोबही निराळा होता. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या पाच कामगारांत साधारण एक बाई होती; पुढे ते प्रमाण घटतच गेले. बाहेरच्या पुरुषाला चोवीस तास जागी वाटणारी वस्ती बाईला चोवीस तास कामाला लावी. नळाला पाणी पहाटे येई, जेवणाऱ्यांच्या पाळ्या तीन, आणि झोप कुठल्याच पाळीत नाही. ज्यांच्या रांधण्यावर गिरणगाव जगले त्या खाणावळवाल्या बायकांचे नाव कोणत्याही खतावणीत नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, आणि बँकेचे कर्ज मिळाल्यावर सावकाराचा फास थोडा सैल झाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास २००४ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात अशा बायकांचे बोलणे ऐकू येते आणि वस्तीची दुसरी बाजू कळते.

म्हणून वस्ती पारखताना 'किती वर्दळ आहे' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'ही वर्दळ कोणाला सामावते आणि कोणाला नाही' हाही प्रश्न विचारायलाच हवा.

वस्ती कशाने निजते

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर कधी संपलाच नाही; माणसे थकत गेली. माझे वडील त्याच लाटेत आचऱ्याला परतले. संपाविषयी ते फार बोलत नसत. गिरणीचा विषय निघाला की एवढेच म्हणत, "पगार गिरणीन दिल्यान, जगवल्यान लालबागान." पुढे अभ्यास करताना मला कळले की हे केवळ हळवेपण नव्हते. संपाच्या पहिल्या वर्षात आमच्या घरी मनिऑर्डर येत नव्हती, आणि मुंबईत त्यांचे जेवण मात्र खाणावळीच्या वहीवर चालू होते. ते देणे त्यांनी पुढे गावाहून फणस-काजूच्या पैशांतून फेडले.

गिरण्या बंद पडल्या तरी वस्ती लगेच मेली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या चाळींची भाडी गोठलेली होती, त्यामुळे काम गेलेला माणूसही खोलीत टिकला. तिचा पाया हलला तो जमिनीमुळे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाली. बांधकामाखालची जमीन तिच्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. त्यानंतर गिरणगावात मनोरे, मॉल आणि कचेऱ्या वेगाने उभ्या राहिल्या.

आज संध्याकाळी लोअर परळच्या स्टेशनवर गर्दी मावत नाही, पण कचेऱ्या सुटल्यावर कित्येक गल्ल्या भिंतींच्या होतात. मनोऱ्याचे तोंड रस्त्याकडे नसते. खाली दोन-चार मजले गाड्या, मग फाटक, मग सुरक्षारक्षक. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना हे घर मिळणे न्यायाचेच आहे. त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार चाळीत न राहिलेल्या कोणालाही नाही. मात्र जी ओळख गॅलरीत आपोआप होत होती ती आता मुद्दाम करावी लागेल. तिथली मंडळे ते करतील असे मला वाटते, कारण रिकाम्या चाळीची वस्ती करण्याचे काम तिथल्या माणसांनी पूर्वी एकदा केलेले आहे.

आजच्या मुलामुलींसाठी

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमच्या मुलांच्या वाटा वाढल्या. आता ती एकट्या मुंबईला जात नाहीत. पुण्याला, गोव्याला, बंगळूरलाही जातात. गावकीची खोली त्यांना लागत नाही. पण त्यांच्या निवडीत दोनच गोष्टी असतात, भाडे आणि फोटो. माझ्या ओळखीतला एक मुलगा पुण्याबाहेरच्या मोठ्या संकुलात राहत होता. पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. एका रात्री त्याला ताप भरला, तेव्हा औषधाचे दुकान अडीच किलोमीटरवर होते आणि दार वाजवावे असे एकही घर नव्हते. सात महिन्यांत नोकरी सोडून तो परत आला. नोकरी चांगली होती, असे तो स्वतःच सांगतो.

अशा मुलामुलींना गिरणगावचा अनुभव आजच्या भाषेत सांगायचा तर मी पुढील गोष्टी सांगेन.

पहिली, अंतराचा हिशोब रुपयांबरोबर तासांतही करावा. रोज जाऊन-येऊन तीन तास लागत असतील तर पंचवीस दिवसांच्या महिन्यात पंचाहत्तर तास गेले. आठ तासांच्या पाळीने मोजले तर नऊ दिवसांहून अधिक बिनपगारी काम झाले. लांबच्या स्वस्त खोलीत वाचलेल्या भाड्याची तुलना याच्याशी करावी.

दुसरी, जागा तीनदा पाहावी. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा रात्री दहानंतर, एकदा रविवारी दुपारी. दलाल दाखवतो ती वेळ दलालाच्या सोयीची असते. रात्री दहाला बायका-मुली आणि म्हातारी माणसे रस्त्यावर सहज दिसत असतील तर ती वस्ती चांगली जागी आहे असे समजावे. फक्त तरुण पुरुषांची गर्दी असेल तर ती वेगळी गोष्ट.

तिसरी, तळमजला पाहावा. रस्त्याला लागून दुकाने, शिंपी, पिठाची गिरणी, दवाखाना, पोळीभाजी केंद्र आहे की नुसती कुंपणाची भिंत? पायी पंधरा मिनिटांत दूध, भाजी, औषध, जेवण आणि बसथांबा गाठता आला पाहिजे. पण खोली बाजाराच्या तोंडावर घेऊ नये. एक-दोन गल्ल्या आत घ्यावी, म्हणजे वर्दळ जवळ राहते आणि झोपही लागते. रातपाळीवाल्याने तर हे नक्कीच पाहावे.

चौथी, वयांचे मिश्रण पाहावे. नुसत्या भाडेकरू तरुणांची वस्ती दिवाळीत आणि सुट्टीत ओस पडते. शाळेत जाणारी मुले, ओट्यावर बसणारे आजोबा आणि वीस वर्षे तिथेच असलेला दुकानदार, या तिघांतल्या दोघांची तरी ओळख पहिल्या महिन्यात करून घ्यावी. उधारीची वही आता फोनच्या पैशांनी मागे टाकली असली तरी घराची किल्ली ठेवायला, पार्सल घ्यायला आणि आजारपणात डॉक्टर सांगायला दुकानदारच लागतो.

पाचवी, इथे कोणाला खोली देत नाहीत ते विचारावे. एकट्या मुलीला, विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या माणसाला, मासे खाणाऱ्याला नकार देणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. आपल्याला नकार नसला तरी शेजार कसा आहे हे त्यातून कळते. मासे शिजवायला बंदी असलेल्या घरात मालवणी माणूस किती दिवस सुखाने राहील, हा विनोदाचा प्रश्न नाही.

सहावी, कागद पक्का करावा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. गावकीच्या खोलीत वर्गणीची वही होती. आज तिच्या जागी हा करार आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी हा नियम लागू आहे.

आणि शेवटची, वस्ती तयार मिळत नसते, हे ध्यानात ठेवावे. वरळीच्या रिकाम्या चाळी जाग्या केल्या त्या तिथे राहायला गेलेल्या माणसांनीच. संकुलात राहावे लागले तर तिथले वाचनालय, भजन, क्रिकेट, गणपती, यांपैकी ज्यात मन रमेल त्यात पहिल्या दोन महिन्यांत जावे. आपल्या तालुक्याचे मंडळ जवळ असेल तर त्याच्या एका बैठकीला जावे. तिथे गावच्या गप्पांपलीकडे काही नसेल असे वाटते. पण नोकरी गेल्यावर पहिला फोन कुठे करायचा ते तिथेच कळते.

गिरण्यांतला माणूस शिकलेला नव्हता, त्याच्याकडे नकाशा नव्हता, आणि निवडीला वावही फार थोडा होता. तरी त्याने जागा निवडताना कामाचे फाटक, उधार देणारा वाणी, जेवू घालणारी खाणावळ आणि हाकेला ओ देणारा गाववाला या चार गोष्टी सोडल्या नाहीत. आजच्या मुलांना यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी फोन पुरतो असे वाटते, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. चौथी गोष्ट फोनवर मागवता येत नाही. ती जिथे पायी चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तिथे भाडे दोन हजारांनी जास्त पडले तरी खोली घ्यावी.